मॉरिशस: बसने फिरायचं की गाडी घ्यायची?

प्रश्न असा आहे. नवरा-बायको, ९ वर्षांची मुलगी आणि ६८ वर्षांची आई असे चौघं सहा रात्रींसाठी मॉरिशसला निघालेत. हॉटेल पश्चिम किनाऱ्यावर, फ्लिक-आँ-फ्लाकला घेतलंय. एजंट म्हणतो, रोज ड्रायव्हरसकट गाडी घ्या, नाहीतर अडकून पडाल. मित्र म्हणतो, एवढंसं बेट, बसने फिरा की! स्वतः गाडी चालवावी का, असाही विचार चालू आहे. आईच्या गुडघ्यांचा त्रास आहे.

मी चार वर्षं मॉरिशसच्या मधल्या पठारावर, कात्र बोर्नला भाड्याच्या घरात राहिले. त्यात पहिलं दीड वर्ष गाडी नव्हती. आता ठाण्यात बसून लोकांच्या सहली आखून देते. त्यामुळे एजंटची बाजूही कळते आणि मित्राचीही. दोघांचं अर्धं-अर्धं बरोबर आहे.

बेट लहान आहे हे खरंच. लांबी साधारण ६५ किलोमीटर, रुंदी ४५. मुंबईहून लोणावळा याहून लांब पडतं आणि क्षेत्रफळ गोव्याच्या जेमतेम निम्मं. नकाशा बघून माणूस म्हणतो, सकाळी उत्तर, दुपारी दक्षिण, संध्याकाळी पूर्व. तिथेच सगळं बिघडतं. मॉरिशसमध्ये अंतर किलोमीटरमध्ये मोजू नका, उजेडात मोजा. जूनमध्ये पावणेसहाच्या सुमारास सूर्य मावळतो, डिसेंबरात सातच्या आसपास. गावाकडच्या बसगाड्या तेवढ्यातच आटपतात, आणि दिव्याचा खांब नसलेल्या उसाच्या रस्त्यावर नवख्या माणसाने रात्री गाडी चालवण्यात काही मजा नाही.

दुसरी गोष्ट बसच्या रचनेची. बैलगाडीचं चाक डोळ्यांसमोर आणा. मधला तुंबा म्हणजे राजधानी पोर्ट लुई. तिथून सगळीकडे आरे निघतात: उत्तरेला ग्रँ बे, आग्नेयेला विमानतळावरून माएबूर, पश्चिमेला फ्लिक-आँ-फ्लाक. मधल्या पठारावर क्युरपीप हा दुसरा, जरा छोटा तुंबा. पण या चाकाला धाव, म्हणजे बाहेरची गोल कड, नाही. किनाऱ्याकिनाऱ्याने बेटाला वळसा घालणारी एकच एक बस मिळत नाही. आणि हॉटेलं सगळी काठावर! म्हणजे फ्लिक-आँ-फ्लाकहून ग्रँ बेला जायचं तर आधी पोर्ट लुईत यायचं, गाडी बदलायची, मग उत्तरेला जायचं. कंटाळा येतो तो या बदलाबदलीचा. बस म्हणून बस तशी ठीकच असते.

पोर्ट लुईत बसची ठिकाणंही दोन आहेत. पश्चिम, दक्षिण आणि पठाराकडच्या गाड्या व्हिक्टोरियाला लागतात. उत्तरेकडच्या इमिग्रेशन स्क्वेअरला. दोन्हींत चालत पंधरा-वीस मिनिटांचं अंतर. हे चालणं मात्र टाळू नका, कारण इमिग्रेशन स्क्वेअरला लागूनच आप्रवासी घाट आहे. १८३४ पासून पुढे जवळजवळ पाच लाख हिंदुस्थानी मजूर करारावर या बेटावर उतरले, त्यात आपल्या कोकणातलेही होते. बंदरातून वर येणाऱ्या त्या सोळा पायऱ्या अजून तशाच आहेत. २००६ साली युनेस्कोने जागतिक वारशात नोंद केलेली ही जागा पाहायला अर्धा-पाऊण तास पुरतो. आणि बाहेर पडलात की समोर उत्तरेच्या बसगाड्या उभ्या. पूर्वज जिथे उतरले तिथूनच नातवंडं आज कामावर जायची बस पकडतात. मला त्या जागेत हेच सगळ्यात आवडतं.

आता मेट्रोचं. या बेटावर १८६४ पासून रेल्वे होती. १९५६ मध्ये प्रवासी गाड्या बंद पडल्या, १९६४ मध्ये मालगाड्याही. मग पन्नासेक वर्षं रूळच नव्हते. आताची मेट्रो एक्सप्रेस लार्सन अँड टुब्रोने बांधली, भारताच्या आर्थिक मदतीने. २०१९ मध्ये पोर्ट लुई ते रोझ हिल हा पहिला टप्पा झाला, २०२१ मध्ये ती कात्र बोर्नपर्यंत आली आणि २०२२ मध्ये क्युरपीपला पोचली. नाव मेट्रो असलं तरी ही जमिनीवरून धावणारी ट्राम आहे. फलाट आणि डब्याची जमीन एका पातळीत, त्यामुळे तुमच्या आईंसाठी सगळ्यात सोयीचं वाहन हेच. बसची पहिली पायरी बरीच उंच असते आणि आपण नीट टेकायच्या आत ड्रायव्हर गाडी सोडतो.

मेट्रोची मर्यादा एवढीच, की पोर्ट लुईचं बंदर सोडलं तर ती किनाऱ्याला कुठेच शिवत नाही. समुद्र बघायला आलेल्या माणसाला हे विचित्र वाटतं. पण लोक राहतात पठारावर आणि कामाला जातात पोर्ट लुईला, मेट्रो त्यांची आहे. तुम्ही फ्लिक-आँ-फ्लाकहून बसने कात्र बोर्नला चढा, तिथून मेट्रोने राजधानीला जा. थेट बसही आहे, पण मुलीला मेट्रो आवडेल आणि सकाळच्या कोंडीतून सुटका होईल. सात ते नऊ या वेळात पोर्ट लुईत शिरणारा महामार्ग आणि साडेतीननंतर बाहेर पडणारा, दोन्ही ठाण्याच्या घोडबंदर रोडची आठवण करून देतात.

बसमध्ये चढल्यावर कंडक्टर येतो, गाव सांगायचं, रोख पैसे द्यायचे. सुटे ठेवा. सकाळी सकाळी हजाराची नोट पुढे केलीत तर तो नोटेकडे न बघता तुमच्याकडेच बघत राहतो. नोट हातात आलीच तर जरा निरखून पाहा: इंग्रजी आणि तमिळसोबत देवनागरीतही रक्कम लिहिलेली असते. तिथला एक रुपया म्हणजे आपले दोनाच्या आसपास. तिकीट उतरेपर्यंत सांभाळा, मध्येच तपासनीस चढतो. ज्येष्ठ नागरिकांना बस फुकट आहे असं कुणी सांगेल. ते २००५ पासून खरं आहे, पण तिथल्या नागरिकांसाठी. आईंचं तिकीट काढायचं.

गावांची नावं ही खरी अडचण. लिहितात एक, बोलतात दुसरं. शेवटचं अक्षर बहुतेक वेळा गिळायचं हे लक्षात ठेवा. इंग्रजी बहुतेकांना कळतं, जुन्या बायकांना भोजपुरी आणि हिंदी सिनेमाची हिंदी येते, पण रस्त्यावरची भाषा क्रिओल. ‘बिस-ला आल पोर्लुई?’ म्हणजे ही बस पोर्ट लुईला जाते का? ‘कोम्ये?’ म्हणजे किती? आणि ‘मेर्सी’. एवढ्यावर माझे पहिले दोन महिने निघाले. नकाशाच्या अ‍ॅपवर दिसणाऱ्या बसच्या वेळा मी कधीच मनावर घेत नाही. थांब्यावर पिशवी घेऊन उभी असलेली बाई कोणत्याही अ‍ॅपपेक्षा जास्त जाणते.

माझी फजितीही सांगते. पहिल्याच हिवाळ्यात, म्हणजे तिथल्या जून-जुलैत, मी एकटीच दक्षिण टोकाला सुयाकला गेले. तिथे ग्री-ग्री नावाचा किनारा आहे. बाकी बेटाला बहुतेक ठिकाणी प्रवाळाची कड आहे, म्हणून समुद्र तळ्यासारखा निवांत. इथे ती कड तुटली आहे आणि लाटा थेट कड्यावर आपटतात. तासभर म्हणून गेलेली मी अडीच तास बसून राहिले. थांब्यावर आले तर रस्ता सामसूम. साडेपाच वाजून गेलेले, अंधार पडायला लागलेला. किराणा दुकानदार शटर ओढत होता. त्याने मला बघितलं, मान हलवली, ‘बिस फिनी’ म्हणाला आणि फोन करून ओळखीच्या टॅक्सीवाल्याला बोलावलं. त्या दिवशीच्या टॅक्सीच्या पैशांत मी महिनाभर बसने फिरले असते. तेव्हापासून माझा नियम: गावात उतरल्या उतरल्या कंडक्टरलाच विचारायचं, परतीची शेवटची गाडी किती वाजता? आणि त्याने सांगितलेल्या गाडीच्या आधीची पकडायची. रविवारी तर गाड्या आणखी विरळ.

टॅक्सीबद्दल. उबर-ओलाची सवय विसरा. अधिकृत टॅक्सीला तिचा ठरलेला अड्डा असतो आणि तो दारावर लिहिलेला असतो. मीटरच्या भानगडीत कुणी पडत नाही. बसायच्या आधी रक्कम ठरवा, ती जाण्याची की जाऊन-येऊन, आणि थांबण्याचे वेगळे पैसे का, हे तिन्ही विचारा. हॉटेलच्या दारातली टॅक्सी महाग पडते; दोनशे पावलं चालून मुख्य रस्त्यावर गेलात तर तोच प्रवास स्वस्त होतो. काही रस्त्यांवर टॅक्सीवाले चार-पाच माणसं भरून बसच्या मार्गाने धावतात, आपल्या शेअर रिक्षासारखं. परवान्याशिवाय धंदा करणाऱ्या खाजगी गाडीला तिथे ‘टॅक्सी मारों’ म्हणतात. मारों म्हणजे मळ्यातून पळालेला गुलाम. ल मॉर्नच्या डोंगरात ज्यांनी आसरा घेतला ते हे लोक. शब्द कुठून कुठे आला बघा! अशा गाडीत बसू नका. अपघात झाला तर विम्याचा प्रश्न उभा राहतो.

चांगला टॅक्सीवाला मिळाला तर त्याचा नंबर ठेवा आणि उरलेले दिवस त्यालाच बोलवा. माझा नेहमीचा ड्रायव्हर कास्कावेलचा होता. हे गाव फ्लिक-आँ-फ्लाकच्या वाटेवरच आहे आणि तिथे मराठी वस्ती बरीच. डॅशबोर्डवर गणपती, आरशाला जपमाळ. पहिल्या दिवशी मी मराठी म्हटल्यावर तो ‘आमी पन मराठी’ म्हणाला आणि पुढचं सगळं क्रिओलमध्ये! पण ‘सुखकर्ता दुखहर्ता’ सबंध पाठ, एक शब्द इकडचा तिकडे नाही. गणेश चतुर्थीला तिथे सार्वजनिक सुट्टी असते. त्या वेळी जात असाल तर बसगाड्या सुट्टीच्या हिशेबाने धावतात हे धरून चाला, आणि विसर्जनाच्या दिवशी कास्कावेलच्या बाजूला घाईने कुठे पोचायचा बेत करू नका. थांबून बघाच.

स्वतः गाडी चालवणं आपल्याला सोपं जातं. डाव्या बाजूने वाहतूक, स्टिअरिंग उजवीकडे, वेगाच्या पाट्या किलोमीटरमध्ये. मूळ लायसन्स तर न्याच, शिवाय इथल्या आरटीओकडून आंतरराष्ट्रीय परवाना काढून न्या. पोलिसाने हात दाखवला तर बोलणं लवकर संपतं. अनामत रकमेसाठी चालवणाऱ्याच्याच नावाचं क्रेडिट कार्ड लागतं. ऑटोमॅटिक हवी असेल तर आधी सांगून ठेवा, ऐनवेळी गिअरची हातात देतात.

गाडी ताब्यात घेताना घाई करू नका. एकदा विमानतळाबाहेर रिमझिम पाऊस होता आणि मी ओल्या गाडीभोवती एक फेरी मारून सही केली. ओल्या पत्र्यावर ओरखडा दिसत नाही. परत करताना कोरड्या उन्हात डाव्या मागच्या चाकाच्या रिमवर घासल्याची खूण निघाली आणि अनामतीतून पैसे गेले. आता मी रुमालाने पुसून चारही रिम, बंपरचे खालचे कोपरे, काच आणि पेट्रोलचा काटा यांचा सलग व्हिडिओ काढते, त्यात भाडेकंपनीचा माणूसही दिसेल असा. विम्यात आपल्याला स्वतः किती रक्कम भरावी लागेल हा आकडा तोंडी नको, कागदावर बघा. पेट्रोलचा दर सरकार ठरवतं आणि बेटभर एकच असतो, म्हणून स्वस्त पंप शोधत बसू नका. मात्र नैऋत्येला पंप कमी आहेत, टाकी कात्र बोर्नलाच भरा.

रस्त्यावर तीन ठिकाणी सांभाळायचं. पहिलं म्हणजे गोल चौक. तिथे पावलोपावली आहेत आणि उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं हा नियम खरोखर पाळतात. आपण इथल्यासारखं नाक घुसवलं तर समोरचा थांबणार नाही, कारण आपण थांबू असं तो गृहीत धरतो. दुसरं, मेट्रोचे रूळ रस्ता ओलांडतात तिथले सिग्नल. ट्राम आवाज न करता येते. तिसरं ऊस. जून-जुलैपासून डिसेंबरपर्यंत तोडणी चालते. तोडणीआधी ऊस दोन पुरुष उंच असतो आणि वळणावर समोरचं काही दिसत नाही. तोडणी सुरू झाली की ओव्हरलोड ट्रक आणि रस्त्यावर सांडलेली कांडी. नकाशाचं अ‍ॅप कधी कधी चार मिनिटं वाचवायला उसातल्या पायवाटेवजा रस्त्यावर घालतं. डांबर संपलं की सरळ मागे फिरा. वेगाचे कॅमेरे जागोजागी आहेत आणि दंडाची पावती गाडीवाल्याकडून आपल्यापर्यंत बरोबर पोचते.

तुमच्यासाठी मी काय करेन ते सांगते. सहाही दिवस ड्रायव्हरची गाडी नको, पैसे वाया. सहाही दिवस बस तर आईंसाठी नकोच. विमानतळावरून टॅक्सी, दर आधी ठरवून. लांबच्या प्रवासानंतर नव्या देशात गाडी हातात घेऊ नका. पहिला दिवस समुद्रावर काढा; घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागे आहे, तेवढं अंगवळणी पडू द्या. दुसऱ्या दिवशी बस आणि मेट्रोने पोर्ट लुई: आप्रवासी घाट, बाजार, आणि थांब्याजवळच्या गाडीवरची ढोलपुरी. ही डाळीचं सारण भरलेली मऊ पुरी, जोडीनेच मिळते. आत वालाची पातळ उसळ, टोमॅटोचा रस्सा. मिरची नको असेल तर ‘साँ पिमाँ’ म्हणायला विसरू नका, मुलगी रडेल. आई दमल्या तर येताना कात्र बोर्नहून टॅक्सी करा, ते अंतर थोडं आहे.

तिसरा आणि चौथा दिवस स्वतः चालवायला गाडी. हॉटेलवर आणून देणारे आहेत. एक दिवस ल मॉर्न आणि डोंगरावरचं शामारेल गाव. किनाऱ्यावरून शामारेलला चढणारा घाट अरुंद आणि वळणांचा आहे. आपल्या वरंध्याची सवय असेल तर काही वाटणार नाही. तिकडे बस जाते, पण इतकी विरळ की ती पकडण्यातच दिवस जाईल. गाडीच्या दुसऱ्या दिवशी गंगा तलाव, हे डोंगरातलं हिंदूंचं तीर्थ. तिथे १०८ फुटी शंकराची मूर्ती आहे, आजूबाजूला माकडं आहेत, आणि वर्षाचे बरेच दिवस गारठा आणि भुरभुर पाऊस असतो. किनाऱ्यावर घामाघूम होऊन निघालेली माणसं वर कुडकुडतात. आईंची शाल गाडीत असू द्या. महाशिवरात्रीच्या आठवड्यात मात्र गाडी घेऊन तिकडे फिरकू नका. लाखो लोक कावड खांद्यावर घेऊन बेटाच्या कोपऱ्याकोपऱ्यातून चालत येतात आणि रस्ता त्यांचा असतो.

पाचवा दिवस ओळख झालेल्या टॅक्सीवाल्याला द्या आणि उत्तरेला पाम्प्लमूसची बाग करून या. मोठ्या परातीएवढ्या पानांची कमळं आहेत तिथे, सावली भरपूर, आईंना बसायला बाकडी. पूर्वेचं ईल-ओ-सर्फ बेट सगळ्या पॅकेजांत असतं. मी ते गाळेन. पश्चिमेला राहून जाऊन-येऊन अर्धा दिवस रस्त्यातच जातो, वर होडीची चढ-उतार गुडघ्यांना झेपणारी नाही, आणि तसाच निळा समुद्र तुमच्या हॉटेलसमोर आहे. रविवारी संध्याकाळी मात्र फ्लिक-आँ-फ्लाकलाच थांबा. गावोगावहून कुटुंबं भाड्याच्या बसने पातेल्यांसकट येतात, झाडाखाली रावान हा डफासारखा ढोल वाजायला लागतो आणि आज्या सेगा हा तिथला नाच नाचतात. परतीचा रस्ता त्यामुळे तुंबतो, म्हणून त्या दिवशी बाहेर जाऊन परत यायचा बेत नको.

रॉड्रिग्ज बेटाचं कुणी सुचवलं असेल तर या वेळी नको. तेही मॉरिशसचंच, पण साडेपाचशे किलोमीटरहून दूर, विमानाने दीड तास. सहा रात्रींत ते बसत नाही.

नोव्हेंबर ते एप्रिल हा चक्रीवादळांचा काळ. इशाऱ्याचे चार वर्ग असतात. पहिला लागला की हॉटेलवाले शांत असतात, आपणही राहावं. दुसऱ्याला गाडी असेल तर टाकी भरून हॉटेलवर परत या. तिसऱ्याला बसगाड्या बंद, दुकानं बंद, कुणीही बाहेर नाही. जानेवारी २०२४ मध्ये बेलाल वादळाच्या पावसात पोर्ट लुईच्या रस्त्यांवरून गाड्या वाहून गेल्या होत्या. तेव्हा रस्त्यावर पाणी दिसलं की पलीकडे जाऊन बघू असं करायचं नाही.

परतीच्या दिवशी विमानतळ बेटाच्या दुसऱ्या टोकाला आहे हे लोक विसरतात. फ्लिक-आँ-फ्लाकहून एरवी तासभर, संध्याकाळच्या गर्दीत दीड तास धरा. टॅक्सीवाल्याला आदल्या रात्री फोन करून वेळ पक्की करा आणि ‘सकाळी सहा’ असं मोघम नको, तारीख-वारासकट सांगा. आमचा कास्कावेलवाला एकदा बरोबर सहाला आला होता, फक्त दुसऱ्या दिवशी.